एका वारेची दोन

इंदिरानगरातल्या त्या बंगल्याच्या मागच्या खोलीत सकाळपासून दोन वास भांडत होते. एक बाळंतिणीचा. दुसरा, दाराच्या फटीतून घरची मालकीण हर्षाली घडीघडी फवारत होती त्या डबीतल्या मोगऱ्याचा. चांगुणाला पहिल्या वासाचं काही नव्हतं. त्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. पेठ तालुक्याच्या वरच्या अंगाला, पाड्यांवर, कुणाच्या पोटात कळ आली की चांगुणाला बोलावणं जायचं. पण हा मोगरा नाकात शिरला की तिच्या घशाशी आंबट पाणी यायचं.

“ताई, त्ये नका मारू,” ती आतून ओरडली. “आई वासानं वळखती पिल्लांना. तिला वास येईना झालाय.”

“मावशी, मला इथं उलटी होईल,” हर्षाली बाहेरूनच म्हणाली. “कसं बसता हो तुम्ही त्यात?”

“तुमी बी ह्यातनंच आल्या जगात.”

हर्षालीने आणखी एक फवारा मारला आणि दार ओढून घेतलं.

बाळंतीण म्हणजे रूबी, पिवळी लॅब्रेडोर कुत्री. तीन वर्षांतलं हे तिचं पाचवं बाळंतपण. सड लोंबून फरशीला लागले होते, पाठीचा कणा वर आला होता, आणि केस झडून जागोजाग गुलाबी कातडी दिसत होती. हर्षालीचा नवरा शेखर गिऱ्हाइकांना मोबाईलवर तिचा फोटो दाखवायचा तो पहिल्या वर्षीचा, अंगावर उन्हासारखी चकाकी असलेला. खरी रूबी तो कुणाला दाखवत नसे.

शेखरच्या वडिलांचा, आप्पांचा, पाथर्डी फाट्याकडे म्हशींचा गोठा होता. शेखरला शेणामुताची किळस, म्हणून तो गोठ्यातून उठला आणि कुत्र्यांच्या पिल्लांच्या धंद्यात पडला. मागच्या अंगणात चार पिंजरे, पिंजऱ्यांत माद्या, आणि त्यांची घाण काढायला चांगुणा. पाड्यावर दवाखान्याची गाडी यायला लागल्यापासून सुईणीला कुणी विचारीना, म्हणून ती मुलाबरोबर नाशकात आली होती. ती पूर्वीची सुईण आहे हे शेखरला कळलं तेव्हा तो टाळी वाजवून म्हणाला होता, “वा मावशी! म्हणजे दर वेळेला डॉक्टरला बोलवायला नको.”

त्या सकाळी सहा पिल्लं झाली. चार पिवळी, दोन काळी.

पहिली दोन पिवळी आली, त्यांच्या मागोमाग त्यांच्या वारा, नाळेच्या टोकाशी असतात ते मांसाचे गोळे, आल्या आणि रूबीने त्या चाटूनपुसून खाऊन टाकल्या. कुत्री खातेच. तिसऱ्याची वार आली तेव्हा मात्र चांगुणाने ती फडक्यात बाजूला घेतली, जास्त झालं की हगवण लागते म्हणून. मग चौथं, काळं, दणकट. चांगुणाने नाळ तोडली आणि वारेची वाट पाहिली. वार आली नाही. वार ओढायची नसते. ओढली की बाई जाते, हे तिला तिच्या आत्याने हातावर चापट मारून शिकवलं होतं. ती थांबली. पाव तासाने पाचवं आलं. तेही काळं, तेही नर, पण आधीच्याच्या निम्म्या अंगाचं. आणि त्याच्यामागे एक वार आली, रुंद, जड, काठाला हिरवट काळी. चांगुणाने ती बोटाने उलटी केली. तिला दोन नाळी होत्या.

“गं बया,” ती पुटपुटली.

बायांमध्ये तिने अशी वार तीनदा पाहिली होती. एका वारेची दोन लेकरं. कुत्रीत कधीच नाही. कुत्रीला ढीगभर पिल्लं होतात, पण प्रत्येकाची शिदोरी वेगळी असते. इथे दोघांनी एकाच ताटात खाल्लं होतं, आणि एकाने दुसऱ्याचा घास मारला होता. तिने त्या बारक्याला रूबीच्या मागच्या सडाला लावलं. तिथे दूध जास्त असतं.

मग सहावं आलं, पिवळं, आपली वार घेऊन. चांगुणाने तिन्ही वारा फडक्यात गुंडाळून दाराशी ठेवल्या. सुईण वार लगेच टाकत नाही. घरातल्या जाणत्या बाईला दाखवते, सगळी आली ना, तुकडा आत राहिला नाही ना, हे दोघींनी बघायचं आणि मगच पुढचं. इथे जाणती बाई कोण, हा प्रश्नच होता. तरी तिने सवयीने ठेवल्या आणि अंगणातल्या नळावर हात धुवायला गेली.

परत आली तर शेखर दारात उभा, फोन कानाला. पलीकडे डॉक्टर तृप्ती होत्या. त्यांचा दवाखाना देवळाली कॅम्पात. शेखर त्यांना क्वचित बोलवायचा. आज बोलावलं कारण रूबीच्या मागून हिरवं काळं पाणी गळत होतं आणि बाराच्या सुमाराला सिन्नरची पार्टी, म्हणजे तिथल्या एमआयडीसीतला एक कारखानदार, पिल्लं बघायला येणार होता.

“मावशी, मॅडम विचारतायत, वारा किती पडल्या?”

“पाच.”

“आणि पिल्लं सहा,” शेखर फोनमध्ये म्हणाला. “म्हणजे एक आत राहिली.”

“आत काय बी नाय,” चांगुणा म्हणाली. “चौथं आन पाचवं एका वारेवर हायेत. जुळी हायेत ती.”

शेखर हसायला लागला. हसताना त्याने फोनसुद्धा खाली केला. “हर्षाली, ऐक! मावशी म्हणतात पिल्लं जुळी आहेत! अहो मावशी, सहाच्या सहा जुळीच की! एका दिवशी, एका आईला!”

“तसं नाय, भाऊ. ही दोन एकाच्याच फुटून दोन झाल्याली. माणसात नाय का होत?”

“माणसात होतं. कुत्र्यात नाही होत.”

फोनवर डॉक्टरही तेच म्हणाल्या, जरा सभ्यपणे. आपण तरी असं कधी पाहिलं नाही. वार अडकली असण्याचीच शक्यता जास्त. एक ऑपरेशन चालू आहे, कुत्रीला गाडीत घालून आणा, नाहीतर एकपर्यंत मीच येते. तोवर आपल्या मनाने काही देऊ नका. शेखर ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत राहिला. फोन ठेवल्यावर त्याने रूबीच्या मागून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या पांढऱ्या गाडीकडे.

“ही घाण मी गाडीत नाही घालणार,” तो म्हणाला. “आणि एकपर्यंत कोण थांबतो? पार्टीसमोर हे असं गळत बसणार? गोठ्यावर इंजेक्शन आहे. आप्पा म्हशींना देतात ते. एक टोचलं की वार बाहेर. अर्ध्या तासात येतो मी.”

चांगुणाला ते इंजेक्शन माहीत होतं. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून लोक चोरून देतात ते, लेबल नसलेल्या बाटलीतलं. गेल्या वर्षी ब्राउनी नावाची कुत्री अडली तेव्हा शेखरने तेच टोचलं होतं. आधी ब्राउनीचं पोट दगडासारखं झालं, मग एकदम सैल पडलं. आतल्या आत गर्भाची पिशवी फाटली होती. ती मरायला संध्याकाळ लागली, आणि तोवर शेखर समोरच्या हॉलमध्ये क्रिकेट बघत होता, कारण त्याला तो आवाज सहन होत नव्हता.

“भाऊ, तिला नका देऊ त्ये. मरंल ती. पोटात काय नाय तर कशाला कळा आणता? मी वार दावते ना तुमाला. दोन नाळी हायेत तिला.”

“दाखवा.”

तिने दाराशी पाहिलं. फडकं नव्हतं.

“ते?” हर्षाली स्वयंपाकघरातून म्हणाली. “ते मी टाकलं. शी! माश्या बसत होत्या त्यावर. साडीच्या दुकानाची जांभळी पिशवी होती, तिच्यात घालून डबल गाठ मारली आणि घंटागाडीला दिली.”

“कवा?”

“आत्ताच गेली ना गाडी.”

शेखरने गाडीची किल्ली उचलली. “बघा मावशी, तुमचं जुळं गेलं कचऱ्यात,” तो म्हणाला आणि गेला.

चांगुणा चपला न घालताच निघाली. पासष्ट वर्षांची बाई, लुगड्याचा काचा खोचून, हाताला अजून रक्ताचा वास, इंदिरानगरच्या गल्ल्यांमधून घंटागाडीच्या गाण्यामागे धावत होती. गाणं जवळ वाटायचं आणि वळणापलीकडे जायचं. तीन गल्ल्या ओलांडून गाडी सापडली ती एका सोसायटीच्या फाटकापाशी. गोटीराम नावाचा माणूस मागे उभा राहून डबे उपडे करत होता. रोजची ओळख होती.

“काय गं मावशी? मोबाईल टाकला का कुणी?”

“जांभळी पिशवी हाय. कुत्रीची वार हाय तिच्यात. मला पायजे.”

गोटीरामने तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली. “सोनं शोधायला आल्याली पाहिली, कवळी शोधायला आलेला एक म्हातारा पाहिला. हे पयल्यांदा.” मग म्हणाला, “एकदा गाडीत पडलं की ते कार्पोरेशनचं, मावशी. मला नाय काढून देता येत.”

“मंग कार्पोरेशनला सांग, एक बाळंतीण मरायला लागलीया.”

“कुत्रीच ना?”

“तुला दूध पाजून वाढवलं का नाय कुणी? मंग? तिच्या अंगाला लागून सहा हायेत.”

गोटीरामने ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरने घड्याळाकडे. मग गोटीरामने ओल्या कचऱ्याच्या बाजूची फळी पाडली आणि आपला लोखंडी आकडा तिच्या हातात दिला. “पाच मिनिटं. सांडलेलं तूच भरायचं.”

तो ढीग अंगावर आला तेव्हा चांगुणाला कळलं की आपण घाण पाहिलीच नव्हती. रक्त, पाणी, वार, मेलेलं लेकरू, हे सगळं तिने पाहिलं होतं, पण त्याला एक अर्थ होता. हा मात्र नुसता आंबलेला, फसफसलेला, गरम लगदा होता. कोंबडीची आतडी, कुजलेल्या मेथीच्या जुड्या, अख्ख्याच्या अख्ख्या पोळ्या, बुरशी आलेला केक, त्यावर कुणाचं तरी अर्धं नाव, आणि पोरांची हगलेली कागदी लंगोटं, घडी घालून, चिकटपट्टी लावून, जशी काही कुणाला भेट द्यायची होती. एक लंगोट आकड्यात अडकून फाटलं आणि तिच्या मनगटावर आलं. ती फळीला धरून ओकली. सकाळचा चहा आणि काल रात्रीची भाकर, सगळं गेलं. पदराने तोंड पुसून तिने पुन्हा आकडा घातला.

वरच्या बाल्कनीतून एक बाई ओरडली, “अहो, इथं काय उपसताय? काय वास सुटलाय!”

“तुमचाच हाय, वयनी!” गोटीराम खालून म्हणाला. “वळखा!”

बाल्कनीचं दार धाडकन बंद झालं.

जांभळी पिशवी तळाशी होती, सडक्या पपईखाली. गाठ शाबूत होती. चांगुणाने ती छातीशी धरली. सांडलेलं भरायला ती वाकली तशी गोटीराम म्हणाला, “जा गं तू. मी भरतो. बाळंतीण बघ.”

ती बंगल्यात शिरली तेव्हा शेखर परत आलेला होता. रूबीला पट्ट्याने खिडकीच्या गजाला बांधलं होतं, पिल्लं एका टोपलीत काढून ठेवली होती आणि ती आंधळी सहा तोंडं वर करून किंचाळत होती. शेखरच्या हातात सुई होती. ती म्हशीची सुई होती, दाभणासारखी.

“मावशी, लांब व्हा,” तो नाकावर हात ठेवून म्हणाला. “काय घाण वास येतोय तुमचा.”

“येतोय ना? मंग बघा कशाचा त्यो.”

तिने गाठ दातांनी सोडली आणि पिशवी त्या पांढऱ्या फरशीवर उपडी केली.

“शी! शी! उचला ते!” शेखर भिंतीला जाऊन टेकला. त्याचं तोंड पांढरं पडलं. आधीच्या चार बाळंतपणांच्या पिल्लांवर त्याने वरचा मजला चढवला होता, आणि ती पिल्लं कशातून येतात हे त्याने आजवर पाहिलंच नव्हतं.

चांगुणा उकिडवी बसली. “ही तिसऱ्याची. एक नाळ. ही सहाव्याची. एक नाळ. आन ही बघा.” तिने रुंद वार पसरली आणि दोन्ही नाळी दोन हातांत उचलून धरल्या. “दोन. मुळं बघा कुठं हायेत. चार बोटं अंतर हाय मधी. दोन खाल्ल्या तिनं, तीन ह्या. सहा लेकरांच्या पाचच वारा, आन त्या समद्या आल्या. आत काय नाय.”

“एकच नाळ असेल, फाटली असेल,” शेखर दुसरीकडे बघत म्हणाला. “मला नका शिकवू. पार्टी येईल आता.” आणि तो सुई घेऊन रूबीकडे सरकला.

चांगुणा उठली आणि मधे उभी राहिली. तिने दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत काळे, हिरवे, ओलसर, नखांत कचरा.

“एक पाऊल टाका, भाऊ. हे हात तुमच्या तोंडाला पुसते.”

शेखर थांबला. तिच्या बोलण्याने तो थांबला नसता, रूबीच्या डोळ्यांनीही नसता. त्या हातांनी थांबला. चांगुणाला ते दिसलं आणि तिला त्याची अशी शिसारी आली की मघाचं ते फाटलं लंगोट बरं वाटावं.

“ताई,” ती मान न वळवता म्हणाली, “तुमच्या मोबाईलात ह्याचा फोटू काढा. डॉक्टरीणबाईला धाडा.”

“मी? मी नाही बाई,” दारातून हर्षाली म्हणाली.

“ब्राउनी मेली तवा तुमी तीन दिवस जेवल्या नव्हत्या. मीच ताटं परत नेली. काढा फोटू.”

हर्षालीने ओढणी नाकावर बांधली. एक डोळा मिटून तिने फोटो काढला, मग चांगुणाच्या सांगण्यावरून आणखी एक, दोन्ही नाळी नीट दिसतील असा. आणि धाडला. त्यानंतरची पाच मिनिटं कुणी हललं नाही. शेखर सुई धरून भिंतीशी, चांगुणा हात पुढे करून मधे, टोपलीत पिल्लं रडतायत, रूबी पट्टा ताणून त्यांच्याकडे तोंड करून कण्हतेय.

फोन वाजला. हर्षालीने तो स्पीकरवर टाकला.

“कुणी काढली ही वार?” डॉक्टर तृप्तींचा आवाज चढला होता. “शेखर, तुम्ही काही दिलं तर नाही ना? काही देऊ नका. पिल्लं आईपाशी ठेवा. मी निघालेय.”

शेखरने सुई खिडकीत ठेवली आणि पार्टीला फोन लावला. “सर, संध्याकाळी या ना, प्लीज. आत्ता मॅडमचं चेकअप चाललंय.” कुत्रीला तो मॅडम म्हणाला.

डॉक्टर आल्या त्या दाराशी चपला काढून आत आल्या आणि आधी फरशीवर वारेपाशीच बसल्या. हातमोजे चढवून त्यांनी ती उलटीसुलटी केली, नाळींची मुळं बोटाने चाचपली. मग रूबीच्या पोटाला गार मलम लावून त्यावरून छोटं मशीन फिरवलं.

“रिकामी आहे,” त्या म्हणाल्या. “आत काही राहिलेलं नाही. हे हिरवं पाणी कुत्रीचं असंच असतं, दोन दिवसांत कमी होईल.” त्यांना खिडकीतली सुई दिसली. तिच्याशेजारची बाटली उचलून त्यांनी वास घेतला. “हे देणार होतात? म्हशीचं? पिशवी कागदासारखी झालीये हिची. दहा मिनिटांत फाटली असती.”

शेखर म्हणाला, “तसं नाही मॅडम, फक्त आणून ठेवलं होतं.”

डॉक्टर चांगुणाकडे वळल्या. “आजी, फोनवर मी तुमचं ऐकलं नाही. चुकलं माझं. पुस्तकात वाचलंय की परदेशात कुठे तरी अशी पिल्लं सापडली आणि रक्त तपासून खात्री केली. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. कदाचित पुष्कळदा होतही असेल. पण कुत्री वार खाऊन टाकते, आणि तिच्यापाशी बसून बघतं कोण?”

“मंग ही जुळीच ना?”

“नव्वद टक्के. रक्त तपासलं की पुरतं कळेल.” दोन्ही काळी पिल्लं त्यांनी तळहातांवर घेतली. दणकट आणि बारकं. एकाच्या छातीवर तांदळाएवढा पांढरा ठिपका, दुसऱ्याच्या छातीवर चिंचोक्याएवढा. “ठिपका जुळ्यांतही थोडा वेगळा येतो. आणि हा आत उपाशी राहिलाय, म्हणून लहान. याला दर दोन तासांनी मागच्या सडाला लावा.”

“लावलाय,” चांगुणा म्हणाली.

डॉक्टर हसल्या. मग वार बर्फाच्या डब्यात घालून घेतली आणि उठताना शेखरला म्हणाल्या, “हे रूबीचं शेवटचं बाळंतपण. पिल्लांचं दूध सुटलं की पिशवी काढून टाकू. पुढचं तिला झेपणार नाही.”

“बघू ना मॅडम,” शेखर म्हणाला.

ते ‘बघू’ चांगुणाच्या ओळखीचं होतं. ब्राउनीच्या वेळीही तो ‘बघू’च म्हणाला होता. सहा महिन्यांनी रूबी माजावर येईल, शेखर कुठून तरी कुत्रा आणील, आणि तेव्हा कचऱ्यातली कुठलीही पिशवी कामाला येणार नाही.

डॉक्टरांची गाडी वळते न वळते तोच शेखरचं तोंड बदललं. सकाळपासून नाक दाबून फिरणारा माणूस आता खोलीत सरळ आत आला आणि पिल्लांपाशी बसला.

“आयडेंटिकल ट्विन्स! हर्षाली, कुणाकडे आहेत नाशकात? कुणाकडेच नाहीत!” त्याने काळी पिल्लं उचलली, उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. “पण ही? हा एवढा आणि हा एवढा. ह्यांना कोण जुळी म्हणेल? लोकांना दिसलं पाहिजे ना.” त्याने ती खाली ठेवली आणि पिवळ्यांमधून दोन माद्या निवडल्या. सारख्या रंगाच्या, सारख्या अंगाच्या, एकीच्या जागी दुसरी ठेवली तर आईलाही कळू नये अशा. “ह्या! ह्या बघ कशा दिसतात. जोडीनंच जातील.”

“ती पयली आन सहावी हायेत,” चांगुणा म्हणाली. “एकमेकींचा वारेचा संबंध नाय त्यांचा.”

“कुणाला कळतंय? वार मॅडम घेऊन गेल्या.” तो व्हिडिओ घ्यायला फोन काढून उभा राहिला. “मावशी, हात धुऊन या, चांगलं लुगडं नेसा. ह्या दोघींना मांडीवर घ्या आणि सांगा, मी चाळीस वर्षं सुईण आहे, माझ्या हाताने झाल्या, एका वारेच्या आहेत. तुमचं बोलणं एकदम ओरिजनल वाटतं. लोक डॉक्टरपेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवतील.”

चांगुणाला वाटलं, आता पुन्हा ओकारी येणार. पण पोटात काही उरलं नव्हतं. चाळीस वर्षांत तिने कुणाच्या जन्माचं खोटं सांगितलं नव्हतं. मुलगी झाली तर मुलगीच सांगितली, सासू उंबऱ्यात दात ओठ खात उभी असली तरी. मेलेलं आलं तर मेलेलं सांगितलं. एकदा एका पाटलाने जुळ्यांतल्या आधी झालेल्या पोराला दुसरा म्हण म्हणून लुगडं देऊ केलं होतं, ते तिने त्याच्याच ओट्यावर टाकून दिलं होतं.

रूबी बाकीची पाचही पिल्लं चाटून त्या बारक्यापाशी आली होती. तिची जीभ दमली होती. दोनदा चाटून ती थांबे, पुन्हा चाटे.

“सांगते,” चांगुणा म्हणाली. “पर आधी तुमी सांगायचं. त्याच मोबाईलात. आपल्या तोंडानं, नाव घेऊन. रूबीचं हे शेवटचं बाळंतपण, पिल्लं सुटल्यावर तिची पिशवी काढणार, फुडं तिला इऊ देणार नाय. आन त्यो बोलता फोटू आधी डॉक्टरीणबाईला धाडायचा. मंग दुनियेला दावा.”

तिला वाटलं होतं तो चिडेल. पण शेखरच्या तोंडावर हसू पसरत गेलं.

“शेवटचं बाळंतपण! आणि त्यात जुळी! म्हणजे परत मिळणारच नाहीत!” त्याने मांडीवर थाप मारली. “मावशी, तुम्ही धंद्यात पाहिजे होतात हो!”

चांगुणा नळावर गेली. साबणाने तिने तीनदा हात धुतले, मनगट घासून लाल केलं. हर्षालीने तिला स्वतःची एक सुती साडी आणून दिली.

मग व्हिडिओ झाला. आधी शेखर बोलला, केस नीट करून, गळ्यात साखर घालून: आमची लाडकी रूबी, तिचं हे शेवटचं बाळंतपण, तिची तब्येत आमच्यासाठी सगळ्यात आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन महिन्यांनी तिचं ऑपरेशन करणार आहोत. ‘तब्येत’ म्हणताना त्याने छातीवर हात ठेवला. नंतर कॅमेरा चांगुणाकडे आला. मांडीवर दोन पिवळ्या माद्या गुरफटून झोपल्या होत्या.

“मी चांगुणा,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं सुईण हाय. ही दोन माझ्या हातानं झाली.” तिथे तिची जीभ थांबली. शेखरने हाताने ‘पुढे, पुढे’ केलं. “एका वारेची हायेत.”

“वन टेक!” शेखर म्हणाला.

“आधी डॉक्टरीणबाईला,” चांगुणा म्हणाली.

“हो हो, पाठवतो,” शेखर म्हणाला, पण फोन हर्षालीने त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः पाठवला. मग ती चांगुणापाशी येऊन उभी राहिली आणि फोन तिला दिसेल असा धरला. चांगुणाला अक्षरं येत नव्हती, पण त्या दोन खुणा तिला माहीत होत्या. मुलाच्या फोनवर बघितल्या होत्या. खुणा राखाडी होत्या, मग निळ्या झाल्या.

“बघितलं त्यांनी,” हर्षाली म्हणाली.

“काय म्हनल्या?”

“काही नाही लिहिलं.”

चांगुणाने मान हलवली. मांडीवरच्या दोघींना उचलून तिने रूबीच्या पोटाशी सोडलं, कोपऱ्यातलं ओलं फडकं काढून कोरडं घातलं आणि बारक्याला पुन्हा मागच्या सडाला लावून, त्याने धरेपर्यंत बोटाने त्याचं डोकं दाबून धरलं. बाहेर हॉलमध्ये शेखर सिन्नरच्या पार्टीला फोनवर सांगत होता, सर, ऐकाल तर विश्वास बसणार नाही.